हातातले काम आणि तोंडातला अभंग

गेल्या चातुर्मासात सांगोल्याकडचे एक माळकरी गृहस्थ आमच्याकडे वही घेऊन आले. जाड पुठ्ठ्याची, दोनशे पानांची, पहिल्या पानावर कुंकवाचे बोट. आत त्यांनी स्वतः रचलेले ११४ अभंग. "महाराज, वाचून बघा. छापण्याजोगं काही असलं तर मासिकात द्या," म्हणाले. आम्ही काही महाराज नव्हे. पण माळकरी माणसाच्या तोंडचा तो शब्द कोण अडवणार? गृहस्थ भला. डाळिंबाची तीन एकर बाग, घरी म्हातारी आई, मंडळी आणि एकोणीस वर्षांचा मुलगा. एकादशी चुकत नाही, आषाढी चुकत नाही. आम्ही वही ठेवून घेतली आणि दोन दिवसांत वाचून काढली.

मापात खोट नव्हती. मोठ्या अभंगाचे पहिले तीन चरण सहा-सहा अक्षरांचे, चौथा चार अक्षरांचा, दुसऱ्या-तिसऱ्या चरणाचे यमक जुळलेले. लहान अभंग आठ-आठ अक्षरांत नीट बसलेला. पण वाचता वाचता आम्हाला पेंग येऊ लागली, आणि हरिकथेत पेंग येणे बरे नव्हे, म्हणून आम्ही पेन्सिल घेऊन मोजायला बसलो. दोरीवर भासणारा साप १९ वेळा आला होता. मृगजळ २३ वेळा. शिंपीवरचे रुपे ९ वेळा, मडक्यातले आकाश १२ वेळा, स्वप्नात राजा झालेला भिकारी ७ वेळा. डाळिंब एकदाही नाही.

ते पुन्हा आले तेव्हा आम्ही विचारले, "का हो माऊली, दोरीला साप समजून तुम्ही कधी घाबरलात का?"

ते हसले. "नाही बुवा. आमच्याकडं उलटं असतं. खरेच साप निघतात. पायपात, खताच्या पोत्याखाली. दोरी समजून कुणी हात घालू नये म्हणून रात्री बॅटरी घेऊन हिंडतो."

आम्ही म्हटले, "मग हे का नाही लिहिलंत?"

यावर ते गप्प झाले. मग हळूच म्हणाले, "त्यात काय लिहायचं? रानात काय सुचतंय? दिवस सगळा बागेत जातो, रात्री मोटर चालू करायला उठावं लागतं. लई दिवसांनी मनात येतंय, बाग पोराच्या हाती द्यावी, आळंदीला एक खोली घ्यावी आणि निवांत लिहीत बसावं." बोलता बोलता समजले की बागेवर सोसायटीचे कर्ज आहे, आणि मुलगा अजून शिकतो आहे.

हा प्रश्न त्यांच्या एकट्याचा नाही. आपल्या मंडळींत अभंग, ओवी, गौळण रचण्याची हौस पुष्कळांना असते, आणि असावीच. पण बहुतेकांची समजूत अशी की सुचण्याची जागा वेगळी आणि काम करण्याची जागा वेगळी. दुकान, रान, चूल, कचेरी ही प्रपंचाची. इंद्रायणीचा काठ, डोंगर, एकान्त ही काव्याची. ही समजूत आमचीही होती, आणि तिच्यापायी आमच्या हातून काय निसटले ते पुढे सांगणारच आहोत. आधी आपल्या घरचे संत काय करीत होते ते पाहू.

सावतोबांचे गाव अरण, सोलापूर जिल्ह्यात, माढे तालुक्यात. ज्ञानोबारायांच्या काळचे, समाधी शके १२१७, म्हणजे इ. स. १२९५. पंढरी तेथून फार लांब नाही, तरी ते मळा सोडून वारीला गेले नाहीत असे परंपरा सांगते, आणि त्यांच्या भेटीला पंढरीहून पालखी अरणला जाते. (वारी चुकवायला यात आधार सापडला असे कोणी समजू नये. सावतोबांसारखा मळा आधी करून दाखवावा, मग बोलावे.) त्यांचे आज मिळणारे अभंग अवघे ३७ धरतात. आमच्या मित्राच्या वहीच्या तिसऱ्या हिश्श्याइतके. पण अरणच्या माळ्याने वाफ्यातल्या भाजीपाल्याला विठ्ठल म्हटले ते महाराष्ट्रातल्या लहान पोरालाही ठाऊक आहे.

आता येथे नीट पाहण्याजोगी गोष्ट आहे. शास्त्रग्रंथात घट येतो, पट येतो, दोरी येते, ती दृष्टांत म्हणून. सिद्धांत समजला की दृष्टांताचे काम संपले; मडके बाजूला ठेवायचे आणि आकाश घ्यायचे. सावतोबांच्या मळ्यातली भाजी अशी बाजूला ठेवता येत नाही. ती शिडी नव्हे, की वर चढल्यावर ढकलून द्यावी. ती भाजीच त्यांचा देव, आणि मोट ओढायची ती त्याच्याच सेवेत. म्हणून त्या अभंगाला मातीचा वास आहे. भाजीवाचून तो अभंग उरतच नाही.

कोणी म्हणेल, मग ज्ञानेश्वरीत पानोपानी दृष्टांत आहेत त्यांचे काय? बरोबर आहे. शके १२१२ मध्ये नेवाशाला सांगितलेल्या त्या ग्रंथाइतके दृष्टांत मराठीत दुसरीकडे नसतील. पण ते कसे आहेत ते पहा. बाराव्या अध्यायात माउली पाटाच्या पाण्याकडे बोट दाखवतात: माळी वळवील त्या बाजूला ते मुकाट्याने जाते, माणसानेही देवाच्या हाती असे व्हावे. ज्या पोरांना गावाने वाळीत टाकले, ज्यांच्या नावावर वीतभर वाफा नव्हता, त्यांच्यातल्या एकाने कुणाच्या तरी बांधावर उभे राहून पाटाचे पाणी वळताना पाहिले असले पाहिजे. दुसऱ्याचे रान, दुसऱ्याचा माळी, पण पाहणे स्वतःचे. दोरीवरचा साप हाही कधी काळी अंधारात खरोखर दचकलेल्या माणसाचाच असणार. जुना झाला म्हणून तो खोटा नाही. पण आपण तो उसना आणतो तेव्हा दुसऱ्याची भीती आपल्या वहीत उतरवतो, आणि आपली स्वतःची भीती, खताच्या पोत्याखालची, तशीच राहते.

सेना महाराजांचा आरसा आणि नरहरी सोनारांची अवजारे सर्वांच्या परिचयाची आहेत, त्यांचा विस्तार करीत नाही. नाथमहाराजांनी तर पैठणच्या रस्त्यावरचे वासुदेव, जोशी, गोंधळी भारुडांत आणले. तो धंदा त्यांचा नव्हता. त्यांनी दारावर आलेल्याचे बोलणे कान देऊन ऐकले होते.

गोरोबाकाकांपाशी मात्र थोडे थांबले पाहिजे. तेरच्या या कुंभाराच्या दोन कथा आपण कीर्तनात सांगतो. एक थापटण्याची: संतमेळा जमला असता थापटण्याने एकेकाचे मस्तक ठोकून मडके पक्के की कच्चे पाहिले, आणि नामदेवराय कच्चे ठरले. पुढे नामदेवरायांना औंढ्या नागनाथाला विसोबा खेचरांकडे जावे लागले ते यामुळे. दुसरी कथा चिखलाची: नामात रंगून माती तुडवताना स्वतःचे रांगते मूल पायाखाली आले. ही दुसरी कथा कीर्तनकार मोठ्या रंगात सांगतात, तल्लीनता किती थोर ते दाखवायला, आणि शेवटी देवाने मूल उठवले म्हणून टाळी होते. संतांचे उणे काढायची आमची छाती नाही. पण खरे सांगायचे तर ही कथा सांगताना आमची जीभ अडखळते. समोर बायाबापड्या मांडीवर लेकरे घेऊन बसलेल्या असतात. आमच्या मित्राला आम्ही हेच म्हटले: "तल्लीन व्हायचं असलं तर पायाखाली काय आहे तेही बघायला हवं. मेलेलं मूल उठवणारा देव गोरोबांना भेटला. आपल्याला पहिल्या कथेतलं थापटणं पुरे."

त्या थापटण्याची खुबी अशी की ते परीक्षेचे वेगळे यंत्र नव्हे. रोजच्या कामातले लाकडी हत्यार. एका हाताने आतून दगड धरायचा, दुसऱ्याने बाहेरून थापटायचे, की मडके फुगते आणि भिंत सारखी होते. वर्षानुवर्षे असे थापटणाऱ्याच्या कानाला कच्च्याचा आणि पक्क्याचा आवाज कळणारच. माणसाची पारख गोरोबांनी कामातूनच शिकली. हातातल्या कामाने ज्याचे कान तयार झाले त्याला अभंगातले पोकळ अक्षरही ऐकू येते.

यावर आमच्या मित्राने एक आडवा प्रश्न घातला, आणि तो घातला हे बरे झाले. म्हणाले, "पण तुकोबारायांनी धंदा सोडलाच ना? भंडाऱ्यावर जाऊनच बसले."

हे पुष्कळांना वाटते, म्हणून सांगतो. तुकोबारायांचे दुकान १६३० च्या सुमाराच्या दुष्काळात बसले. पहिली बायको अन्नावाचून गेली, मुलगा गेला. निवांत लिहावे म्हणून त्यांनी दुकानाला कुलूप घातले नाही. आणि सोडले ते काय? लोकांकडून येणे होते त्याची खते. त्यातली अर्धी भाऊ कान्होबाला त्याच्या वाटणीची म्हणून दिली, आपली अर्धी इंद्रायणीत बुडवली. दुसऱ्याकडचे येणे सोडणे निराळे, आणि आपल्यावरचे देणे मुलाच्या डोक्यावर ठेवून डोंगर गाठणे निराळे. शिवाय भंडाऱ्यावर गेले तरी वाण्याचे दुकान त्यांच्या मागोमाग वर चढले. गाथा उघडा: माप आहे, मुद्दल आहे, बाजार आहे, खरेखोटे नाणे आहे. तराजू धरलेल्या हातानेच ते शब्द लिहिले.

आमचे मित्र म्हणाले, "हे पटलं." पण चेहऱ्यावरून पुरते पटलेले दिसले नाही. मग आम्ही त्यांना आमच्या घरची गोष्ट सांगितली. ती या पाठात लिहावी की नाही याचा विचार आम्ही फार केला.

आमच्या लहानपणी गावात पिठाची गिरणी नव्हती. आई पहाटे चारला जात्यावर बसायची. जाते पडवीत, आणि आमची वाकळ जात्यापासून दोन हातांवर. ओव्या ऐकत आम्ही झोपायचो आणि ओव्या ऐकतच उठायचो. काही ओव्या गावात सर्वांच्या असत, पण पुष्कळ तिच्या स्वतःच्या. आदल्या दिवशी जे घडले ते दुसऱ्या दिवशी पहाटे जात्यावर यायचे: गाय व्यायली, भाऊ भाऊबीजेला आला नाही, जोंधळ्यात खडे निघाले, वडील रागावले. सगळे शेवटी पंढरीच्या वाटेला लागायचे. विठ्ठलाशी ती माहेरच्या माणसाशी बोलावे तसे बोले. तक्रार करी, मध्येच हसे, आणि मूठभर दाणे टाकून पुढची ओवी उचली. लिहिता-वाचता तिला येत नव्हते.

आम्ही पुढे शाळेत गेलो, तालुक्याला राहिलो, पाठशाळेत दोन वर्षे काढली. वेदान्ताची परिभाषा तोंडात बसली आणि आम्हीही वही घातली. त्या वहीत दोरीवरचा साप किती वेळा आला असेल ते मोजण्याची आज हिंमत नाही. सुटीत घरी यायचो तेव्हा आई अजून जात्यावर असायची. एकदा तिने विचारले, "तू लिहितोस म्हणे? माझं एखादं लिहून ठेव की." आम्ही म्हटले, "आई, ओव्या काय, त्या सगळ्या बाया म्हणतात." ती काही बोलली नाही. तिचे न बोलणे आम्हाला कळलेही नाही. पुढे गिरणी आली, जाते पडवीतून अंगणात गेले, आणि जाते थांबले तशा ओव्या थांबल्या. नुसते बसून तिला त्या म्हणता येत नसत; हात फिरला तर तोंड चाले. ती गेली त्या वर्षी आम्ही आठवून पाहिले. चाल आठवते. खुंट्याचा आवाज आठवतो. शब्द दोन-चार ठिकाणचे, तेही तुटके. घरात लिहिणारा माणूस होता आणि तो दुसरेच लिहीत होता.

जनाबाईंचे अभंग आम्ही त्यानंतर पुन्हा वाचले, आणि तेव्हा ते प्रथम वाचले असे म्हणायला हरकत नाही. गंगाखेडची पोर नामदेवरायांच्या घरी दासी म्हणून वाढली. दळण, कांडण, झाडलोट, शेण्या, पाणी: हा तिचा दिवस. काम उरकून मग देवाचे नाव घेईन असे ती म्हणत नाही. देवच तिच्या कामात हात घालायला येतो; दळू लागतो, केर भरतो. पंढरपूरजवळ गोपाळपूरला तिचे म्हणून जाते दाखवतात. वारीत आपण त्याला हात लावून येतो. आपल्या घरातले जाते मात्र तुळशीपाशी पालथे पडलेले असते.

आणखी एक गोष्ट. परंपरा केवळ संतांची नावे सांगत नाही, त्यांच्या लेखकांचीही सांगते. ज्ञानेश्वरी सच्चिदानंदबाबांनी लिहून घेतली. सावतोबांचे अभंग काशिबा गुरवांनी. चोखोबांचे अनंतभट्टांनी, ज्याला देवळाच्या पायरीबाहेर थांबवले त्याचे शब्द एका ब्राह्मणाने उतरवून घेतले, ही लहान गोष्ट नव्हे. तुकोबारायांचे अभंग उतरवणाऱ्यांत तेलाचा घाणा चालवणारे संताजी जगनाडे होते. आणि जनीचा लेखक कोण, तर खुद्द पांडुरंग. पूर्वी आम्हाला ही शेवटची गोष्ट भाविकपणाची वाटे. आता वाटते, त्या घरात एवढे संत असताना दासीचे लिहून घ्यायला कोणी माणूस बसला नसेल, म्हणून देवाला बसावे लागले.

अलीकडच्या काळातही हेच दिसते. खानदेशातल्या बहिणाबाई चौधरी, जन्म १८८०, अक्षरओळख नाही. शेतात आणि घरात काम करता करता म्हणायच्या. त्यांचे चिरंजीव सोपानदेव आणि एक आप्त यांनी काही उतरवून ठेवले होते. बाई १९५१ साली गेल्या आणि १९५२ साली ती गाणी आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह छापली, तेव्हा महाराष्ट्राला कळले की आपल्यात कोण होऊन गेले. तशाच जात्यावरच्या ओव्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी आपल्या सहकाऱ्यांसह गावोगाव हिंडून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. जात्यावर बसलेल्या बायांना आपण कवी आहोत असे वाटतही नव्हते. त्यात आमच्या गावच्या नाहीत.

असो. मूळ गोष्टीकडे येतो.

आम्ही आमच्या मित्रांना म्हटले, "वही बंद करा. पुढच्या तीन एकादश्यांपर्यंत एक ओळ लिहायची नाही. प्रत्येक एकादशीला भजनाला याल तेव्हा बागेतली एकच गोष्ट सांगायची, जी तुम्ही स्वतः पाहिली. नुसती गोष्ट. तिचा अर्थ नको, देव नको, दृष्टांत नको." त्यांना हे अवघडच गेले. देव नको म्हटल्यावर तर ते आमच्याकडे बघतच राहिले.

पहिल्या एकादशीला म्हणाले, "काहीच दिसलं नाही बघा. रोजचंच सगळं."

दुसऱ्या एकादशीला जरा खुशीत आले. "महाराज, ताण सापडला!" डाळिंबाला बहार धरण्यापूर्वी पाणी तोडतात, त्याला ताण देणे म्हणतात. पाने पिवळी पडून गळू लागतात. मग छाटणी, खत आणि पुन्हा पाणी, की झाड फुलून येते. आमचे मित्र म्हणाले, "म्हणजे देव भक्ताला ताण देतो तो फुलवण्यासाठी! आहे का नाही?" अर्थ काढायचा नाही हे ठरले होते, पण माणसाचा उत्साह एकदम मोडू नये. आम्ही विचारले, "ताण किती दिवस देता?" ते म्हणाले, "तसं सांगता येत नाही. जमीन हलकी की भारी, झाडाचं वय काय, त्यावर आहे. झाड बघूनच ठरवायचं. जास्त झाला तर झाड जातंच की." आम्ही म्हटले, "हे तुमच्या अभंगात कुठं आलं? आणि तुमच्या आळीत ज्यांचा कर्ता मुलगा गेला, त्यांच्या दारात उभं राहून हा अभंग म्हणाल का?" ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "नाही म्हणवणार."

घाईने काढलेला अर्थ दुसऱ्याच्या जखमेवर पडतो, याची जाणीव लिहिणाऱ्याला हवी. आजकाल असे अभंग फार ऐकू येतात: ट्रॅक्टर म्हणजे देह, डिझेल म्हणजे नाम, चालक म्हणजे सद्गुरू, आणि नांगर म्हणजे विवेक. एकेका वस्तूला एकेक चिठ्ठी डकवायची. असे पन्नास अभंग एका बैठकीत होतात, आणि त्यासाठी ट्रॅक्टर कधी पाहिलेला असावा लागत नाही. ज्याने पाहिला असेल त्याला आधी चिखलात रुतलेले चाक आठवेल, हप्ता आठवेल.

तिसऱ्या एकादशीला आमचे मित्र उशिरा आले. कपड्यांवर चिखल. कारण विचारले तर म्हणाले, ठिबकच्या नळ्या धुवायला लागलो होतो. झाले असे की एका ओळीतले मधलेच एक झाड सुकत चालले होते. मर रोग असेल या भीतीने त्यांनी मूळ उकरून पाहिले, मूळ ठीक. नळी दाबून पाहिली. पाण्याने टच्च भरलेली. शेवटी ड्रीपर काढला तर छिद्रात क्षार बसून ते बुजले होते. पाणी झाडापासून चार बोटांवरून रोज जात होते आणि झाड तहानेने वाळत होते. मग त्यांना शंका आली म्हणून सगळी ओळ तपासली. आणखी अकरा ड्रीपर अर्धवट बुजलेले निघाले. नळ्यांची टोके सोडून गाळ वाहू दिला, ड्रीपर आम्लाच्या पाण्यात धुतले, तोवर दिवस मावळला.

"अर्थ काय ते काही सांगत नाही," ते म्हणाले, "पण दिवसभर मला माझी वहीच आठवत होती."

आम्ही काही बोललो नाही. वही परत दिली. आठ दिवसांनी पोस्टाने एक कागद आला. त्यांच्या परवानगीने येथे छापतो. बागेची परवानगी त्यांनी घेतली असेलच.

थेंब थेंब पाणी । मुळापाशी गेले ।
वर नाही ओले । काही कोठे ॥

नळी भरलेली । छिद्र बुजलेले ।
झाड वाळलेले । तिच्यापाशी ॥

तसे तुझे नाम । आत मुरो देवा ।
कोणा नको ठावा । थेंब त्याचा ॥

मापाचा अभ्यास करणाऱ्यांनी अक्षरे मोजून पाहावीत. पहिल्या ओवीत ठिबक जसे आहे तसे आहे, जमीन वरून कोरडी आणि मुळाशी ओल. दुसरीत जे घडले ते सांगितले, त्याला कुठलीही चिठ्ठी लावली नाही. भरलेली नळी कोण आणि वाळलेले झाड कोण ते वाचणाऱ्याने आपापले पाहावे. आम्हाला तर ती नळी म्हणजे आम्हीच वाटलो, आणि झाड पडवीतले. देव तिसऱ्या ओवीत येतो, तेही मागणे म्हणून. शेवटी नाममुद्रा घातलेली नाही. ती राहिली की मुद्दाम सोडली हे आम्ही विचारले नाही. ज्याने थेंबही कोणाला कळू नये म्हटले त्याने आपले नाव कुठे घालावे? दोष म्हटला तर दुसऱ्या ओवीत लेले-लेले फार झाले आहे. पण ११४ अभंगांत आम्हाला जे मिळाले नव्हते ते या तीन ओव्यांत मिळाले.

बागेचे म्हणाल तर ते सुकलेले झाड वाचले. आता ते दर पंधरवड्याला सगळ्या ओळी तपासतात, आणि ते काम करताना मुलाला बरोबर घेतात. आळंदीच्या खोलीचा विषय पुन्हा निघाला नाही. निघणारच नाही असे नव्हे; कर्ज फिटून मुलगा मार्गी लागल्यावर ते गेले तर आम्हीच त्यांना खोली शोधून देऊ. त्यांनी नवी वही घातली आहे आणि तिच्यात अर्थ लिहायला मनाई केली आहे. डाव्या पानावर दिवसाची एक पाहिलेली गोष्ट, उजवे पान कोरे. महिन्यातून एखादे उजवे पान भरते असे ते सांगतात.

हा प्रयोग ज्यांना करावासा वाटेल त्यांनी आपल्या धंद्याप्रमाणे करावा. शिलाई करणाऱ्याने, एस.टी. चालवणाऱ्याने, शाळेत शिकवणाऱ्याने, भाकरी भाजणाऱ्या माउलीने. अभंग जमतो की नाही हे पाहण्याआधी काम सुधारते की नाही ते पाहावे. आमच्या मित्राला बाकीचे अकरा ड्रीपर आधी सापडले, अभंग मागून आला. उलट क्रम झाला असता तर तो कागद आम्ही छापला नसता.

आणि ज्यांच्या घरी अजून ओव्या म्हणणारी आई, आजी, आत्या आहे, त्यांनी स्वतःची वही काही दिवस बाजूला ठेवावी. मोबाईलवर आवाज धरून ठेवता येतो, तो धरावा. पण शेजारी बसून हातानेही लिहून घ्यावे, कारण लिहिताना मध्ये विचारावे लागते आणि विचारले की आणखी दोन निघतात. नुसते बसून आठवत नाही म्हणाल्या तर पालथे पडलेले जाते सुलटे करून धुवावे, पाच पसे जोंधळे आणावेत, आणि खुंट्याला त्यांच्याबरोबर आपलाही हात लावावा. जे मिळेल ते गाव, बाईंची संमती आणि साल घालून आमच्याकडे पाठवावे. पुढच्या अंकापासून त्यासाठी दोन पाने राखली आहेत.